आधी तू उतर

अण्णा, गेल्या रविवारी आनेकलजवळच्या त्या शाळेचे हेडमास्तर राजाजीनगरला तुमच्या घरी आले होते. सोबत शाळेची काही मुलं होती, धुतलेल्या गणवेशात, तेल लावून चापून भांग पाडलेली. त्यांनी तुमच्या फोटोला हार घातला, ओळीनं शांताक्कांच्या पाया पडली. हेडमास्तर कन्नडमध्ये बोलले आणि फार मनापासून बोलले. साहेबांनी शेवटच्या क्षणी विमान शाळेवरून वळवलं, नाहीतर ही लेकरं आज दिसली नसती, असं म्हणाले. शाळेच्या नव्या खोलीला तुमचं नाव द्यायचं ठरलंय.

शांताक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या. मुलांना त्यांनी कोडबळी दिली, हेडमास्तरांना कॉफी दिली. सगळे गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू होतीस की ग त्यांच्या शेजारी. असंच झालं ना?"

मी पाण्याचं निमित्त करून आत गेले.

मी होते शेजारी. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता इतकं ते कॉकपिट अरुंद. आणि मला माहीत आहे, विमान वळलं नाही. ते कुणाचंच ऐकत नव्हतं. वळवता आलं असतं तर तुम्ही ते सरळ केलं असतंत आणि आपण दोघं परत येऊन, हात धुऊन, इडली खायला बसलो असतो. पेपरात आलं, शोकसभेत बोललं गेलं, मुलांनी चित्रं काढली, आणि मी सगळीकडे मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं मी अजून धक्क्यातून सावरलेली नाही. तेही खरंच होतं म्हणा.

रविवारी मी उत्तर दिलं नाही. काल दिलं. काय सांगितलं ते तुमच्या कानावर घालायलाच हवं, कारण त्यात तुमच्याबद्दल बरंच काही आहे आणि तुम्हाला विचारायची सोय आता उरलेली नाही.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते व्हाइटफील्डच्या शेडमध्ये. काही निवृत्त इंजिनियरांनी मिळून काढलेली आमची ती छोटी कंपनी. आजूबाजूला पेरूच्या बागा, लाल कौलांचे जुने बंगले, आणि वाट बघायला लावणारी बस. पत्र्याच्या त्या शेडखाली आम्ही दोन माणसांचं एक शिकाऊ विमान तयार करत होतो. ज्यात एक शिकवणारा आणि एक शिकणारा शेजारी शेजारी बसतात, तसलं. धातूचं नाही, काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवायचे, वाळू द्यायचे. त्या वासानं डोकं धरायचं, हातांना खाज सुटायची, घरी जाऊन कितीही साबण लावला तरी जेवताना बोटांना वास यायचाच. तुम्ही हवाई दलात आयुष्यभर पोरांना उडायला शिकवून निवृत्त झालेले, आणि आमच्याकडे चाचणी पायलट म्हणून यायचं कबूल केलेले. साच्यातून नुकताच काढलेला विमानाचा अर्धा भाग तुम्ही बोटानं टकटक करून पाहिलात.

"हे काय ग पोरी, विमान की न्हाणीतलं टब?"

"उडवून बघा की ओ. मग बोला."

तुम्ही दचकून माझ्याकडे पाहिलंत आणि एकदम हसलात. "बेळगावची काय तू?"

मी होय म्हटल्यावर तुमचा चेहरा उजळला. तुमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळूरला आलेलं आणि इथलंच झालेलं. घरात मराठी, पण प्रत्येक वाक्यात एखादा कन्नड शब्द पाहुण्यासारखा येऊन बसलेला. पुण्याहून आलेले लोक तुमच्या मराठीला हसायचे. माझ्या मराठीलाही हसायचे, कारण आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. तुम्ही मला म्हणालात, "सरी, ठीक आहे. आपण दोघं मिळून ह्यांना हसू." त्या दिवसापासून तुम्ही माझे अण्णा, आणि पुढे तुमची बायको माझी शांताक्का. ऑफिसात बाकीचे तुम्हाला 'सर' म्हणायचे. माझ्या तोंडून एकदा मीटिंगमध्ये 'अण्णा' निघालं आणि मग मी ते सुधारलंच नाही.

मी चाचणी इंजिनियर. उजव्या सीटवर बसायचं, काटे वाचायचे, तुम्ही काय करताय आणि विमान काय करतंय ते टिपून घ्यायचं. माझं वजन इतकं कमी की माझ्या सीटखाली शिशाच्या विटा घालून बांधाव्या लागायच्या. दर वेळी त्या बांधताना तुम्ही वाकून बघायचात आणि म्हणायचात, "शांताला सांगतो तुला रोज राग्गी मुद्दे घाल म्हणून. ह्या विटा तरी वाचतील." आणि खरंच सांगितलंत; नाचणीचे ते उकडलेले गोळे मी तुमच्याकडेच खायला शिकले. त्यानंतर मी भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी पोरगी उरले नाही. रविवारचं जेवण तुमच्याकडे, हे न बोलताच ठरून गेलं.

सुरुवातीची एक गोष्ट कुणाला माहीत नाही. विमान हवेत थांबवायच्या चाचण्या चालल्या होत्या. वेग कमी करत आणायचा, इतका की पंखांना विमान पेलवेनासं होतं, मग नाक धाडकन खाली जातं. तुम्ही ते पुन्हा पुन्हा करत होतात आणि मला भडाभडा उलटी झाली. पिशवी होती, पण सगळं पिशवीत गेलं नाही. शरमेनं मेल्यासारखं झालं मला. तुम्ही डावीकडे तोंड करून खाली एका तळ्याकडे बघत राहिलात, खूप वेळ, जणू त्या तळ्याचंच काही काम होतं. उतरल्यावर स्वतः फडकं आणून सीट पुसलीत. मेकॅनिकनं वास कसला म्हणून विचारलं तर म्हणालात, "माझं ब्रेकफास्ट." तेवढ्या एका शब्दासाठी मी तुमच्याबरोबर कुठंही उडाले असते, अण्णा. उडालेही.

आपलं एकच मोठं भांडण, आणि ते मिटलं नाही.

विमानाचा वेग नको तितका पडला आणि त्याच वेळी ते एका अंगाला कललं की ते गिरक्या घेत खाली पडायला लागतं. त्याला स्पिन म्हणतात. शिकाऊ पोरांचे जीव बहुतेक त्यातच जातात. माझं म्हणणं असं की विमानच असं बनवावं की ते स्पिनमध्ये जाणारच नाही. शेपटीच्या पानाची हालचाल थोडी आवळली की नाक तेवढं वर उचलतच नाही, मग पोरानं कितीही चूक केली तरी ते गिरकीत शिरणार नाही. तुम्ही म्हणायचात की शिकाऊ विमान स्पिनमध्ये गेलंच पाहिजे आणि सांगितल्याबरोबर बाहेर आलंच पाहिजे.

बसस्टॉपजवळच्या हॉटेलात एक कॉफी दोघांत, बाय-टू, घेऊन आपण किती वेळा भांडलो असू! हॉटेलवाला आपण आलो की न विचारता दोन अर्धे पेले ठेवायचा आणि आपले आवाज चढले की रेडिओ मोठा करायचा.

"तुझ्या विमानात शिकेल तो पोरगा," तुम्ही म्हणायचात, "आणि उद्या दुसऱ्या विमानात बसेल. ते तुझ्या विमानासारखं शहाणं नसेल. मग काय करेल?"

"आधी शिकताना तर जिवंत राहील की!"

"नुसतं जिवंत ठेवून काय करू ग त्याला? उडायला पाठवायचंय."

एकदा मी फारच हट्टाला पेटले तेव्हा तुम्ही तुमच्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगितलंत. हुशार मुलगा होता. त्या वर्षी वापरात असलेल्या विमानांना स्पिनची बंदी होती, म्हणून तुम्ही त्याला सगळं फळ्यावर शिकवलंत. त्याला तोंडपाठ होतं. पुढे दुसऱ्या तळावर दुसऱ्या विमानात तो एकटाच होता आणि विमान गिरकीत गेलं. तोंडपाठ होतं ते काही कामाला आलं नाही. त्याच्या आईवडिलांना भेटायला तुम्ही गेला होतात. "मी त्याच्या डोक्याला शिकवलं होतं," तुम्ही म्हणालात, "हातापायांना शिकवलं नव्हतं." पेला बाजूला सारून तुम्ही उठलात. त्यानंतर त्या विषयावर मी जरा हळू भांडायला लागले, पण थांबले नाही. शेवटी आमच्या प्रमुखांनी तुमच्या बाजूनं निर्णय दिला, कारण फ्लाइंग क्लबांनाही तसंच विमान हवं होतं. मी रागावून दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आता ते दोन दिवस मला परत हवे आहेत.

स्पिनच्या चाचण्या महिनाभर चालल्या आणि चांगल्या चालल्या. एक गिरकी, मग दोन, मग जास्त. दर वेळी तुम्ही पाय दाबायचात, दांडी पुढे ढकलायचात, आणि विमान शहाण्या जनावरासारखं थांबायचं. एका चाचणीनंतर तुम्ही मला कोपरानं ढोसून म्हणालात, "बघ. बाहेर येतं की नाही?" मी म्हटलं, "अजून मागं वजन ठेवून कुठं बघितलंय?" कारण खरी परीक्षा तीच. सामान, इंधन असं करत विमानाचा तोल जितका मागे सरकेल तितकं ते गिरकीतून निघायला कुरकुर करतं.

त्या आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात, उभ्या उभ्याच विचारलंत, "मागच्या तोलात असताना आपल्यातलं एक उतरलं तर काय होईल ग?"

मी कागदावर भराभर गणित मांडलं. आपल्या सीट तोलाच्या जरा पुढे आहेत, म्हणजे एक माणूस कमी झालं की तोल आणखी मागे जाणार. म्हटलं, "जो राहील त्याला जास्त जड जाईल. गिरकी आणखी सपाट होईल, जोर वाढेल."

"सरी," म्हणालात आणि गेलात.

इतकंच. मला वाटलं सहज विचारलं असेल. उड्डाणाच्या सूचनांमध्ये आपण लिहिलं होतं की ज्याच्या बाजूनं सोपं पडेल त्यानं आधी उडी मारायची; नाव कुणाचंच नव्हतं.

सकाळ चांगली होती, अण्णा. धुकं वर उचललं गेलं होतं. आनेकलच्या बाजूला वरून सगळी पिवळी पडलेली राग्गीची रानं दिसत होती, कुठं कुठं रस्त्यावर कणसं पसरून ठेवलेली, वरून जाणाऱ्या गाड्यांनी मळणी व्हावी म्हणून. तुम्ही मला ते दाखवलंत. मग डाव्या अंगाला स्पिनमध्ये घातलंत.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. मग नाक, जे खाली असायला हवं, ते हळूहळू वर यायला लागलं. धक्के थांबले. एकदम मऊ झालं सगळं, आणि फिरणं वाढलं. क्षितिज खिडकीभोवती पट्टीसारखं फिरत होतं. मला कळलं. तुम्हालाही कळलं होतं. तुम्ही एकेक गोष्ट ओळीनं केलीत, प्रत्येक गोष्ट इंग्रजीत बोलून, खाली रेडिओवर ऐकणाऱ्यांसाठी, अगदी वर्गात शिकवल्यासारखी. इंजिन बंद. पाय उलट. दांडी पुढे. काही झालं नाही. परत केलंत. मग शेपटीच्या पॅराशूटचा खटका ओढलात. असल्या वेळेसाठीच ते बसवलं होतं; मागे उघडून शेपूट धरून ठेवायला. ते बाहेर आलं, मला आरशात दिसलं, पण त्याच्या दोऱ्या शेपटीतच गुंडाळल्या गेल्या आणि ते ओल्या धोतरासारखं फडफडत राहिलं. घडी करणाऱ्यानं त्याची घडी नीट केली होती, हे मी चौकशीत सांगितलं आहे. कुणाचीही चूक नव्हती. विमानाची शेपूट अशा गिरकीला पुरी पडली नाही, एवढंच.

मग तुम्ही इंग्रजी सोडलंत.

"वैजू, आधी तू उतर. बेगा." बेगा, लवकर.

कॉकपिटवरचं काचेचं झाकण तुम्ही उडवून दिलंत. वारा आत घुसला. मी ओरडले, "तुम्ही?"

"भांडायची वेळ काय ग ही? उतर!"

मी माझा पट्टा सोडला आणि काठावरून पंखावर घसरले, तिथून वाऱ्यानंच मला उचलून नेलं. पाठीवरच्या पॅराशूटची छत्री उघडल्यावर मी खाली पाहिलं. विमान माझ्या खाली फिरत चाललं होतं, सपाट, आणि आधीपेक्षा जोरात. मला दिसत होतं ते. मी दुसऱ्या छत्रीची वाट बघत राहिले. पांढरं काहीतरी उघडेल म्हणून बघत राहिले. नाही उघडलं. शाळेमागच्या रानात धूळ उठली आणि आवाज मग आला.

मी तुतीच्या शेतात पडले. एक म्हातारी बाई धावत आली, माझ्या अंगावरून हात फिरवून कुठं लागलंय का ते बघायला लागली आणि कन्नडमध्ये विचारत राहिली, "एकटीच होतीस का ग? एकटीच होतीस का?" मी बोट दाखवलं. तिनं तिकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि मग माझा हात धरून मला तिकडं चालवत घेऊन गेली. मी पोचेपर्यंत गावकऱ्यांनी तुम्हाला बाजूला राग्गीच्या काडावर ठेवून वर धोतर पांघरलं होतं. शाळेची मुलं कुंपणाला चिकटून उभी होती. एकही पोर रडत नव्हतं.

चौकशी समितीत एक वयस्क अधिकारी होते. मला सगळं विचारून झाल्यावर त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "तुम्हाला हे माहीत असावं असं मला वाटतं. त्यांचा पट्टा तुटलेला नव्हता. हातानं सोडलेला होता. एक पाय कॉकपिटच्या बाहेर होता."

म्हणजे तुम्ही निघाला होतात. फिरण्याच्या जोरानं तुम्हाला आत दाबून धरलं होतं, आणि तो जोर मी उतरल्यानं वाढला होता. हे गणित मीच तुम्हाला करून दिलं होतं. तुम्ही ते विचारून घेतलं होतंत आणि त्याप्रमाणे वागलात. लोक तुम्हाला जे केलं नाहीत त्याबद्दल हार घालतायत, आणि जे केलंत त्याचा कुठंही उल्लेख नाही. ते फक्त मला माहीत आहे, आणि ते माहीत असण्यासाठी मी जिवंत आहे.

शेडमध्ये परत गेले त्या पहिल्या दिवशी एक सहकारी माझ्या टेबलाशी आला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "शेवटी तुझंच म्हणणं खरं ठरलं. ट्रेनर विमान स्पिनमध्ये जायलाच नको होतं." मी उठून बाहेर गेले, पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. खरं ठरलं का, अण्णा? आपल्यावर जे आलं ते हवेत, मोठ्या उंचीवर, छत्री पाठीला बांधलेल्या दोन जाणत्या माणसांवर आलं. आम्हाला हे दिसलं नसतं आणि एखाद्या क्लबातल्या पोराला दिसलं असतं तर? तुम्ही हेच म्हणाला असता. मी त्यावर काय म्हटलं असतं ते मला अजून सापडलेलं नाही. समोर तुम्ही असल्याशिवाय मला नीट भांडता येत नाही.

काल संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. शांताक्का भिजवलेले अवरेकाईचे, पावट्याचे, दाणे चिमटीत दाबून सोलत बसल्या होत्या. मोठं पातेलं भरून. मी विचारलं, एवढे कुणासाठी? म्हणाल्या, "हात स्वस्थ बसत नाहीत." मीही समोर बसून सोलायला लागले. मग म्हटलं, "अक्का, विमान वळलं नव्हतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मग?"

मी सगळं सांगितलं. नाक वर आलं ते, पॅराशूट गुंडाळलं ते. तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"तसंच सांग. जसं म्हणाले तसं."

"'आधी तू उतर. बेगा.'"

"बसमधनं पण असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "स्टॉप यायच्या आधीच मला दाराशी उभं करायचे."

मग मी ते गणितही सांगितलं. माझ्या उतरण्यानं तुम्हाला बाहेर पडणं कठीण झालं, आणि तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं, हे शब्दांत सांगितलं. मला वाटलं, आता त्या मला घरातून जा म्हणतील. म्हटलं असतं तर मी गेले असते. त्यांचे हात थांबले होते.

"ते उतरायला बघत होते काय?"

"पट्टा सोडला होता, अक्का. एक पाय बाहेर होता."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"खरं."

त्यांनी हातातला दाणा पातेल्यात टाकला. मग म्हणाल्या, "महिनाभर लोक येतात, सांगतात, त्यांनी आपणहून जीव दिला. मी मान हलवते. आतून म्हणते, अहो, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी राहिलात, बरं केलंत. पण माझं? माझी एकदा तरी आठवण झाली काय तुम्हाला?" त्यांनी ओले हात पदराला पुसले. "म्हणजे यायला निघाले होते म्हण की. घरी यायला निघाले होते."

आणि त्या रडल्या, अण्णा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. बाराव्याला, तेराव्याला, माणसांच्या गर्दीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं आणि बायका आपापसांत त्यावर बोलल्याही होत्या. काल त्या पातेल्यावर वाकून रडल्या, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला रडायला आलं नाही. माझं उंचीवरच कुठंतरी राहिलंय.

शांत झाल्यावर मी विचारलं, हेडमास्तरांना सांगू का? त्यांनी मान हलवली. "नको. त्या मुलांनी डोळ्यांसमोर पडलेलं बघितलंय. झोप यायला त्यांना काहीतरी पाहिजे की. ठेवू देत नाव." मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण घर त्यांचं, माणूस त्यांचा.

मग त्यांनी विचारलं, "दुसरं विमान करणार म्हणे?"

करतोय. साच्यातून अर्धं बाहेर आलंय. शेपूट बदलली आहे, पान मोठं केलंय, खालून एक पंखासारखा तुकडा जोडलाय. नवे पायलट येणार आहेत. स्पिनच्या चाचण्या परत पहिल्यापासून होतील.

"तू बसणार काय त्यात?"

"बसणार."

त्या मला 'नको' म्हणाल्या नाहीत. "आईला ठाऊक आहे तुझ्या?"

"चाचणीचं काम करतो एवढं ठाऊक आहे." घाबरले की माझी बेळगावी बाहेर येते.

"मला पण तेवढंच ठाऊक होतं ग," शांताक्का म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मला म्हणाले, मीटिंग आहे, जेवायला येतो. मी आत होते, कुकर लावत होते. आतनंच 'सरी' म्हटलं. स्पिन म्हणजे काय ते मला पेपरवाल्यानं सांगितलं, ह्याच खुर्चीत बसून." पातेलं बाजूला सारून त्या उठल्या. "तू सांगून जा. सगळं सांग. मग जा."

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आहे, तिथं मी गेले. बेळगावला शेजाऱ्यांकडे फोन लावला, आईला बोलावून घेतलं. काचेच्या त्या डब्यात उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. पेपरात आलं होतं ते आणि नव्हतं ते. पुढच्या विमानाचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला हे काही ऐकायचं नाही." मग फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "सांग." गिरकी कशी सुरू होते, छत्री कुठं बांधलेली असते, ओढायचं काय, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "ज्या दिवशी करणार त्या दिवशी सकाळी फोन कर. झाल्यावर पण कर." रडत होती, पण शेवटपर्यंत ऐकलं तिनं.

बूथमधून बाहेर आले तेव्हा मला तुमचा फार राग आला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. मला जगवलंत त्याचं ऋण मी कुठंही सांगेन, कुणालाही सांगेन. पण स्पिनवरून आपण इतकं भांडलो, आणि भांडायला हवं होतं ते या गोष्टीवरून. शांताक्कांना सांगायला हवं होतंत, अण्णा. त्यांनी अडवलं नसतं तुम्हाला. गॅस बंद करून दारापर्यंत आल्या असत्या.